सुभेदारांचे नऊ नातेवाईक

सांगलीला जाऊन आलेली माणसं पुष्कळ आहेत. गणपतीला जातात, भडंगाचे पुडे बांधून घेतात, हळदीच्या पेठेत चार शिंका देतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरून ‘सांगली पाहिली’ म्हणून सांगतात. मी सांगलीत सलग बारा दिवस राहिलो आणि यातलं काहीएक पाहिलं नाही. मी पाहिलं ते लॉजच्या खिडकीतून दिसणारं एक लिंबाचं झाड, त्याखाली बांधलेली एक म्हैस आणि पलीकडच्या भिंतीवरची दंतमंजनाची जाहिरात. पण या तीन स्थळांविषयी माझ्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस तुम्हाला खुद्द सांगलीतही सापडणार नाही. म्हशीचे तर मी स्वभावदोषही सांगू शकेन.

मी मेढ्याचा. जावळीच्या डोंगरात आमचं तालुक्याचं गाव. तिथे माझं सायकली भाड्याने द्यायचं दुकान आहे. डोंगरात सायकल कोण चालवतो, असं तुम्ही विचाराल. उतरताना सगळेच चालवतात, चढताना हातात धरून आणतात. दुकानातून उरलेला वेळ मी गावच्या नाटकांना देतो. तरुणपणी राणी व्हायचो, आता अंगाने राक्षसाच्या भूमिकेला आलो आहे. थोडक्यात, समोर चार माणसं बसलेली दिसली की माझ्या अंगात काहीतरी शिरतं.

याच खोडीने पाच वर्षांपूर्वी घात केला होता. माझी बहीण सुमन माझ्याहून वीस वर्षांनी लहान. आईवडिलांमागे मीच तिला वाढवलं आणि मीच तिचं लग्न लावून दिलं, जत तालुक्यातल्या एका गावात. लग्नाच्या जेवणावळी उठल्या, पोरांनी ‘नक्कल, नक्कल’ असा गलका केला आणि मी तिच्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, चाल करून दाखवली. छाती पुढे, मान ताठ, एक पाय अंड्यावर ठेवावा तसा ठेवायचा, क्षणभर थांबून चहूकडे बघायचं, मग दुसरा. अशी ऐट मी कुठल्या राजाच्या भूमिकेतही पाहिली नव्हती. मांडव लोळायचा बाकी राहिला. हशा ओसरल्यावर मी वळलो, तर आबा माझ्या मागे उभे.

त्यानंतर सुमन माहेरी आली नाही. आणायला माणूस पाठवला की निरोप यायचा: पेरणी आहे, पाणी नाही, शेळी आजारी आहे. एकदा मी स्वतः गेलो, तर आबा मेंढरं बघायला म्हणून गेले ते दोन दिवस परतलेच नाहीत. शेवटी चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एक कार्ड आलं. सुमनच्या राजूला तिसरं लागलं होतं, त्याचं जावळ काढायचं होतं. मामाच्या मांडीवर बसवल्याशिवाय पोराच्या डोक्याला कात्री लावत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आबांनी दोन ओळी लिहवल्या होत्या: ‘जावळ पुढच्या शुक्रवारी. मामाने यावे.’ आणि खाली कोपऱ्यात सुमनचं बारीक अक्षर: ‘दादा, या वेळी चुकवू नकोस. आबा म्हणालेत, मामा आला नाही तर माहेर संपलं.’

मामा उशिरा आला असं म्हणायलाही जागा राहू नये, म्हणून मी आठवडाभर आधीच निघालो. एवढी खबरदारी घेतली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

साताऱ्याचा स्टँड ते सांगलीचा नाका

कंदी पेढ्यांचे दोन पुडे घेऊन मी जतच्या गाडीत बसलो. माझ्या शेजारी एक धिप्पाड गृहस्थ येऊन बसले. काळी पत्र्याची ट्रंक, चकचकीत बूट आणि एवढ्या उन्हाळ्यात नाकाकानांभोवती गुंडाळलेला मफलर. ‘धूळ सोसत नाही,’ म्हणाले. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात हुद्दा लिहिला होता: सुभेदार.

तेवढ्यानं सगळी गाडी आमच्या बाकाकडे वळली. ज्या मुलखात घराआड एक माणूस फौजेत आहे, तिथे सुभेदार म्हणजे साधी असामी नव्हे. कुणाचा मुलगा भरतीला उभा राहणार असतो, कुणाचा पुतण्या छातीच्या मापात अर्ध्या इंचाने मागे पडलेला असतो. पुढच्या बाकावर वडूजचे नाना होते. पोट सुटलेले, तोंडाने तिखट आणि धाकट्या मुलाला फौजेत घालायच्या खटपटीत असलेले. त्यांनी सरळ तोंड फिरवलं.

“पाव्हणं कुठलं?”

“जतकडचा.”

“आन मामाचं गाव?”

“मायणीजवळ.”

“मग आलंच की! आवं, माझ्या चुलत्याची मेव्हनी मायणीत दिल्याली हाय. तुमी तर घरातलंच निघाला!”

यानंतर जी चढाओढ लागली ती मी काय वर्णावी! कुणाची आत्या, कुणाच्या साडूचा साडू, कुणाच्या भावकीतली सोयरीक मोडली होती पण बोलणी झाली होती, तेवढ्यावर नातं. कराड येईपर्यंत सुभेदारांचे सात नातेवाईक झाले. आठव्या झाल्या आक्का. सांगलीजवळच्या एका गावातल्या जैन शेतकऱ्याच्या घरच्या, साठी उलटलेल्या, लेकीकडून परत निघालेल्या. त्यांचं नातं निघणं अवघड होतं. पण सुभेदारांनी त्यांची जड टोपली उचलून वर ठेवली होती. त्या म्हणाल्या, “भावानं उचलल्यागत उचलली बघा. आजपास्नं ह्यो माझा भाऊ.” आणि विषय संपला.

मला कुणाला भरती करायचं नव्हतं. पण नातं काढण्यात जावळीचा माणूस वडूजच्या माणसाला हार जातो, हे बघून मी गप्प कसा बसणार? मी खोदत खोदत सुभेदारांच्या थोरल्या भावजयीच्या आत्यापर्यंत गेलो. ती आमच्या खोऱ्यात दिलेली निघाली. आमच्या खोऱ्यात म्हणजे आमच्याच घरात धरायला काय हरकत होती? मी नववा.

सांगलीच्या नाक्यावर गाडी थांबवली. त्या वर्षी बिहारकडे देवीची मोठी साथ होती आणि तिकडून येणाऱ्या माणसांवर सरकारची नजर होती. एक तरुण डॉक्टर दारात चढून म्हणाले, “गाडीत बिहारमधून आलेलं कुणी आहे का?”

सुभेदार हलले नाहीत. पण नाना अभिमानाने उठून उभेच राहिले. “हायत की! हे आमचं सुभेदार. थेट बिहारातल्या छावनीतनं!”

मफलर उतरला. सुभेदारांच्या गालावर, मानेवर, कपाळावर टपोरे फोड होते. डॉक्टरांनी खिशातून देवीच्या रोग्याचं चित्र असलेलं कार्ड काढलं आणि ते सुभेदारांच्या तोंडाशेजारी धरलं. चित्रात एक दीड वर्षाचं मूल होतं. त्या मुलात आणि सुभेदारांत मिशांचा फरक सोडला तर डॉक्टरांना बरंच साम्य दिसलं असावं.

“यांचे नातेवाईक या बाजूला या. बाकीचे त्या बाजूला.”

आता त्या बाजूला काय होतं? टेबल, स्पिरिटचा वास आणि सुई. या बाजूला काहीच नव्हतं. शिवाय सुभेदार गाडीच्या पायरीवर एकटेच बसून आमच्या तोंडाकडे बघत होते. आताच ज्याला मामा म्हटलं त्याला ‘आमी वळखत न्हाई’ कोण म्हणणार? आम्ही नऊजण मानाने या बाजूला आलो.

बाकीच्यांना एकेक सुई टोचली आणि गाडी निघून गेली. खिडक्यांतून ती माणसं दंड चोळत आमच्याकडे बघून हसत होती. आम्हालाही सुई टोचली. आणि वर चौदा दिवस कोंडून राहायचा हुकूम.

लॉज

सरकारी दवाखान्याच्या वेगळ्या वॉर्डाचं छप्पर उतरवलेलं होतं, म्हणून नगरपालिकेने गावाबाहेरचं एक बैठं लॉज ताब्यात घेतलं होतं. त्याचं नाव सांगत नाही, कारण मालक अजून आहेत आणि पूर्वीचे पैलवान आहेत. मधे अंगण, भोवती सात खोल्या, खिडक्यांना लोखंडी गज. प्रत्येक खोलीत ‘आपले घर समजा’ अशी पाटी. त्यावर नाना म्हणाले, “घर समजा म्हनं. घरात मला कोन कोंडतंय हो?”

डॉक्टर नागपूरकडचे, नुकते नोकरीला लागलेले, मान खाली घालून बोलणारे. त्यांनी वही काढली आणि आमची नाती लिहून घ्यायला सुरुवात केली. नात्यासाठी वहीत बोटभर रकाना होता. नानांचं नातं खालच्या तीन माणसांच्या रकान्यांत उतरलं.

“आणि तुम्ही, आजी?”

“भन.”

“सख्खी?”

“आज सकाळपास्नंची.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “आमच्या नागपुरात चार पिढ्यांत मिळून एवढे नातेवाईक निघत नाहीत.”

पहिल्याच दिवशी आक्कांनी लढाई पुकारली. सूर्य मावळल्यावर त्या अन्नाचा कण तोंडात घालत नाहीत आणि जेवणाचा डबा आला साडेसातला. डॉक्टर म्हणाले, ठेकेदाराची वेळ ठरलेली आहे. आक्का म्हणाल्या, सूर्याचीबी ठरल्याली हाय. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्याचा नादच सोडला, पैलवान मालकांकडून चूल आणि ज्वारीचं पीठ मिळवलं आणि सगळ्यांचा स्वयंपाक हातात घेतला. आक्कांच्या हातचं अन्न हवं, तर आक्कांच्या वेळेला. आम्ही नऊ माणसं, पैकी पाच मिशाळ शेतकरी, ऊन डोक्यावर असताना साडेपाचला पंगत धरून बसू लागलो. पातळ पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि पापडासारख्या भाकरी. आमच्याकडे भात आणि नाचणीची जाड भाकरी. ज्वारीची अशी भाकरी मी पहिल्यांदाच मनापासून खाल्ली. फक्त दिवेलागणीला पुन्हा भूक लागायची. मग पेढ्यांचा पुडा सुटायचा. सुमनसाठी घेतलेले पेढे तिसऱ्या दिवशी संपले.

दिवसभर करायचं काय? मी नकला केल्या. मान खाली घालून डॉक्टर केले, नाना केले, म्हैससुद्धा केली. लोक खूश. मी एकटाच बोटं मोजत होतो. आज सोमवार, जावळ शुक्रवारी.

बिबा

सुभेदारांना अंगणापलीकडच्या खोलीत एकटं ठेवलं होतं. चौथ्या दिवशी उकाड्याने ते बनियनवर दाराशी आले आणि आक्कांनी भाकरी थापता थापता मान वर केली. थांबल्या. हात धुतले. अंगणाच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी डॉक्टरांना हाक मारली.

“आवं डाक्टर, ह्या कसल्या देवी? ह्यो बिबा उतलाय!”

डॉक्टरांनी विचारलं, “बिबा म्हणजे काय?”

मग नाना हळूच म्हणाले, “बिबा म्हाईत न्हाई. आन डाक्टर.”

आम्ही बिब्याच्या झाडापासून सांगायला लागलो. त्याचं तेल सांधा दुखला की तापवून लावतात आणि एखाद्याला मानवलं नाही तर अंगभर फोड उठतात. आक्कांनी दारातूनच सुभेदारांची उलटतपासणी घेतली.

“गुडघा दुखत हुता का न्हाई? खरं सांग.”

सुभेदारांनी बुटांकडे बघितलं. “हुता.”

“कुनी लावला बिबा?”

“साताऱ्यात... भनीच्या सासूबाईंनी. आन त्योच हात तोंडाला लागला.”

“मग नाक्यावर तोंड का उघडलं न्हाई, भल्या मानसा?”

“आक्का, मी पलटनीत जवानांना रोज सांगतो, दवा फक्त डाक्टरची घ्या. आन मी म्हातारीचा बिबा लावला, हे समद्या गाडीसमोर कसं सांगू?”

डॉक्टर प्रामाणिक होते. त्यांनी फोड पुन्हा नीट तपासले, आक्कांचं खोबरं आणि तीळ यांचा लेप लावू दिला, आणि दोन दिवसांत फोड सुकायला लागल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, “आजींचं बरोबर दिसतंय. पण नमुना पुण्याला गेलाय. अहवाल येईपर्यंत मी कुणाला सोडू शकत नाही. माणूस बिहारहून आलाय. मी सोडलं आणि उद्या चूक निघाली, तर पोरंबाळं मरतील.”

मी त्यांना जावळाचं सांगितलं. सुमनचं सांगितलं. पाया पडायचाच बाकी राहिलो. ते म्हणाले, “बहिणीच्या गावी तार करतो. माझ्या नावाने करतो, म्हणजे विश्वास बसेल.”

तार गेली. पण आबांना मी ओळखत होतो. ज्या माणसाने मांडवात आपली थट्टा केली, तो देवीचं निमित्त सांगून जावळाला येत नाही, यातून ते काय अर्थ काढणार? गुरुवारी मला जेवण गेलं नाही. नाना म्हणाले, “खा की गड्या. तुजी भन काय मेलीया व्हय?” आक्कांनी त्यांना उलथनं दाखवलं.

शुक्रवार

सकाळी दहाला म्हैस उठून उभी राहिली, तेव्हा कुणीतरी येतंय हे मला कळलं. लिंबाखाली आबा उभे होते. पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडी. त्यांच्यामागे डोक्यावर पदर घेतलेली सुमन, तिच्या कडेवर खांद्यापर्यंत केस वाढलेला राजू, आणि धोकटी घेतलेला त्यांच्या गावचा न्हावी. मी खिडकीच्या गजांना तोंड लावून ‘सुमे!’ म्हणून हाक मारली. ती हसली आणि लगेच रडली. पाच वर्षांत ती माझ्या आईसारखी दिसायला लागली होती.

आबा माझ्याशी बोलले नाहीत. ते दाराशी डॉक्टरांना म्हणाले, “जावळाचा मुहूर्त आज बाराचा हाय. मामा येत न्हाई, म्हनून पोर मामाकडं आनलंय. दार उघडा.”

डॉक्टर म्हणाले, “आत आलेल्याला बाहेर जाता येत नाही.”

“मग मामाला भाईर काढा.”

“त्यांनाही येता येत नाही.”

बराच खल झाला. शेवटी तोडगा काढला नानांनी. मी आत खिडकीच्या कट्ट्यावर बसायचं, एक पाय गजांमधून बाहेर काढायचा, पोराला बाहेरच्या बाहेर त्या मांडीवर बसवायचं. डॉक्टरांनी विचार केला आणि पाय बाहेर गेला तरी माणूस आतच धरायला हरकत नाही, असा निर्णय दिला. मी धोतर सावरून पाय घातला. पोटरी गेली, गुडघा गेला, मांडी अर्धी गेली. आबा जवळ आले, वाकले आणि त्यांनी मांडीकडे डॉक्टरांपेक्षा बारकाईने पाहिलं.

“ही किती मांडी?”

न्हावी म्हणाला, “अर्दी हाय, आबा.”

“अर्ध्या मांडीवर जावळ करायला आमी काय वाटंवर पडलोय? मामाच्या मांडीवर म्हंजी दोनी मांड्यांवर.”

मी म्हटलं, “दुसऱ्या फटीतून दुसरा पाय घालतो.” पण पहिलाच परत येईना. मी ओढला, नानांनी मला मागून ओढलं, राजू टाळ्या पिटू लागला. सुभेदारांनी खोलीतून आज्ञा केली, “पाय ढिला छोड!” शेवटी आक्कांनी खोबरेल आणून माझी मांडी पुरणाच्या पोळीसारखी माखली आणि पाय सुटला. बाहेर सव्वाअकरा झाले होते.

आबांनी सूर्याकडे बघून वेळ ताडली. मग दाराशी गेले.

“आत आलं तर किती दिस?”

“अहवाल येईपर्यंत. चार, पाच. सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. आत रोग नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण कागदावर होता. “आणि फक्त नातेवाइकांनाच घेता येईल. तुमचा यांच्याशी संबंध काय?”

“पाच वर्सं काय संबंध न्हाई.”

“मग मला घेता येणार नाही, बाबा.”

गजांआड आम्ही नऊजण दाटीने उभे. सुमनने पदर तोंडात धरला होता. ज्या प्रश्नाला आम्ही गाडीत धावत सुटलो होतो, त्याच प्रश्नापाशी हा माणूस उन्हात पाच मिनिटं उभा राहिला.

“सुनंचा भाव हाय,” ते शेवटी म्हणाले. “माजा पाव्हना हाय. लिवा आन उघडा दार.”

न्हाव्याने मात्र आत यायला साफ नकार दिला. तेव्हा मी खिडकीच्या आत कट्ट्यावर मांडी घातली, राजूला दोन्ही मांड्यांवर घेतलं आणि न्हाव्याने बाहेरून गजांतून हात घालून कात्री चालवली. पोर असं किंचाळलं की म्हैस दावं तोडायला निघाली. सुभेदार दारातून गरजले, “जवान, सावधान!” राजू गप्पकन ताठ झाला आणि डोकं पुरं होईपर्यंत पापणीसुद्धा हलवली नाही. नऊ नातेवाइकांनी त्याला ओवाळलं. आक्कांनी शिरा केला. बाराच्या ठोक्याला कात्री लागली होती का, हे मी कुणाला विचारलं नाही.

एका खोलीत

जागा नसल्यामुळे आबांची खाट माझ्या खोलीत पडली. सुमन आणि राजू आक्कांकडे गेले. मला वाटलं, आता सगळं मिटलं. पण आबा जावळासाठी आत आले होते, माझ्यासाठी नव्हे. माझ्याशी काही बोलायचं झालं तर ते आक्कांना हाक मारत. “आक्का, त्यांना सांगा, उशी नगं.” मी दोन हातांवर बसलेला. आक्का अंगणातून ओरडायच्या, “उशी नगं म्हनत्यात!”

मी नकला बंद केल्या. लोकांनी आग्रह केला, तर घसा धरल्याचं सांगितलं.

आबांचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं: नळ. लॉजच्या मागच्या बाजूला तीन नळ होते आणि तिन्ही गळत. आबांना ते बघवेना. त्यांनी चिंध्या बांधल्या, खाली बादल्या लावल्या, बादली भरली की जाऊन लिंबाला ओतावी तर बाहेर जाता येत नाही, म्हणून खिडकीतून म्हशीपुढे धरायचे. त्यांच्याकडे पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा येतो. आणि मी जावळीचा. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी घरातून बाहेर काढायला माणसं लावावी लागतात. मी तीन बादल्यांनी अंघोळ करायचो, तेव्हा ते एक तांब्या घेऊन बाजूला उभे असायचे आणि माझ्याकडे असे बघायचे की साबण हातातून निसटावा.

तिसऱ्या सकाळी मला ते सोसवेना. अंगावर ओला पंचा, डोक्यावर फेस, त्या अवस्थेत मी म्हटलं, “आबा, लग्नात मी चुकलो. तुमच्या ऐटीची थट्टा करायला नको होती. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण सुमनला नको.”

आबांनी पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

“ऐट? कसली ऐट? जोडा चावत हुता.”

“कसला जोडा?”

“तुमी आहेरात दिल्याला. करकरीत. दोन बोटं ल्हान. टाच सोलून निघाली हुती.”

“मग काढायचा नाही का हो?”

“व्याह्यानं दिल्याला जोडा भर मांडवात काढू? लोक म्हनलं असतं, पोरीकडच्यांनी जोडा बी मापाचा दिला न्हाई. तुमची लाज गेली असती. म्हनून दिसभर घालून हिंडलो. आन तुमी त्येच चालून दावलंसा.”

मी तोंडातला फेस थुंकला. माझ्या उभ्या जन्मात इतकी हुबेहूब वठलेली नक्कल दुसरी नाही आणि ती माझ्याच जोड्याची होती. टाच सोलली जात असताना माझी अब्रू सांभाळत चाललेल्या माणसाची चाल मी ऐट म्हणून करून दाखवली होती.

“आबा...” मी म्हणालो.

“आधी नळ बंद करा,” आबा म्हणाले.

मी केला. ते खाली बसले, डावी टाच पुढे करून तिथला पांढरा व्रण मला दाखवला आणि म्हणाले, “फुडं कुनाला जोडा द्यायचा तर पायाचं माप घेत जावा.” मग आपल्या तांब्यातलं पाणी त्यांनी माझ्या डोक्यावर ओतलं. फेस पुरता गेला नाही, पण दुसरा तांब्या मिळाला नाही.

सुटका

मंगळवारी डॉक्टर सायकलवरून अहवाल घेऊन आले. देवी नव्हत्या. दारात उभं राहून त्यांनी प्रत्येकाला हात जोडले आणि आक्कांकडून बिब्याचा एक नग कागदात बांधून घेतला. सुभेदारांनी नानांच्या मुलाला पळण्याचा सराव सुरू करायला सांगितलं. नानांनी आता ते आपले मामा की मेव्हणे, याचा घोळ घातला नाही. आक्कांना न्यायला बैलगाडी आली.

आम्ही चौघं स्टँडवर गेलो. जतची गाडी आधी लागली होती, साताऱ्याची तिच्या शेजारी. सुमन पिशवी घेऊन जतच्या गाडीकडे वळली. आबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि साताऱ्याच्या गाडीत नेऊन ठेवली. राजूला उचलून त्याच बाकावर बसवलं. मग उतरून मला म्हणाले, “मिरगाला पाठवा. पेरनीला हात लागत्यात.” आणि मागे न बघता आपल्या गाडीत जाऊन बसले.

कराडपर्यंत मी गाडीला हा सगळा प्रवास सांगितला. म्हशीपासून सुभेदारांपर्यंत सगळ्यांच्या नकला केल्या, एक सोडून. साताऱ्याला गाडी बदलली, मेढ्याचा रस्ता लागला, डोंगर जवळ आले. करवंदीच्या जाळ्यांवर पोरं तुटून पडली होती. मी नव्या गाडीतल्या माणसांसाठी पुन्हा नाक्यापासून सुरुवात केली. एवढ्यात सुमनने माझ्या हातावर हात ठेवला.

“दादा, जरा गप बस. मला बघू दे.”

मी गप्प बसलो. राजू त्याचं गुळगुळीत डोकं माझ्या मांडीवर टाकून झोपला होता. सुमन खिडकीला कपाळ लावून बाहेर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मेढ्याचा स्टँड येईपर्यंत मी एक अक्षर बोललो नाही. उतरल्यावर विचारलं, “काय पुटपुटत होतीस गं?”

“वळणं मोजत होते,” ती म्हणाली. “एक वाढलंय.”

मी त्या रस्त्याने दर आठवड्याला जातो. वळणं किती आहेत, ते मला ठाऊक नव्हतं.